लस घ्या, नाहीतर बिनपगारी घरी बसा : युनायटेड एअरलाइन्सच्या लससक्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात अमेरिकेतल्या अनेक मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांवर लशीची अट घातली. त्यात खूप गाजलं आणि कोर्टात लांब रेंगाळलं ते युनायटेड एअरलाइन्स या विमान कंपनीचं प्रकरण. म्हणून हे पान मुख्यतः त्या कंपनीबद्दल आहे. तुलनेसाठी इतर कंपन्या आणि शेवटाकडे थोडा भारतही आहे. कोविडच्या लशींनी लोकांचे प्राण वाचवले हे मी धरूनच चाललो आहे, त्यामुळे त्यावरचा वाद इथे सापडणार नाही. मला जास्त रस आहे तो कंपनीनं ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसांना कसं वागवलं यात.

नियम नेमका काय होता?

६ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट कर्बी आणि अध्यक्ष ब्रेट हार्ट यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या सुमारे ६७,००० कर्मचाऱ्यांनी लस घ्यायची आणि प्रमाणपत्र कंपनीच्या यंत्रणेत अपलोड करायचं, नाहीतर नोकरी जाईल. मुदत जरा चमत्कारिक पद्धतीनं ठरवली होती : २५ ऑक्टोबर, किंवा एफडीएनं (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं) एखाद्या लशीला पूर्ण मान्यता दिल्यावर पाच आठवडे, यातलं जे आधी येईल ते. फायझरच्या लशीला २३ ऑगस्टला पूर्ण मान्यता मिळाली आणि मुदत एकदम २७ सप्टेंबरवर आली.

मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांपैकी असं पाऊल उचलणारी ही पहिलीच. तोवर तिच्या जवळपास ९० टक्के वैमानिकांनी आणि ८० टक्के केबिन क्रूनं लस घेतलेलीही होती. म्हणजे सक्तीचा खरा रोख उरलेल्या थोड्या लोकांवर होता.

आधी समजुतीनं घेतलं होतं का?

हो. कर्बींनी सक्तीचा विचार जानेवारी २०२१ मध्येच कर्मचाऱ्यांसमोर बोलून दाखवला होता, पण त्या वेळी लशीच मिळत नव्हत्या. मग आमिषं आली. वैमानिकांना जादा पगार, केबिन क्रूला जादा सुट्ट्या. १५ जूनपासून नव्यानं भरती होणाऱ्यांना लस बंधनकारक झाली. सक्ती जाहीर झाल्यावरसुद्धा २० सप्टेंबरच्या आत प्रमाणपत्र देणाऱ्यांना एक दिवसाचा जादा पगार ठेवला होता.

इथे एक गोष्ट कंपनीच्या बाजूनं लिहून ठेवायला हवी. अमेरिकेत १९ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक प्रौढ माणसाला लस खुली होती, आणि तीही फुकट. ऑगस्टमध्ये कोणी ‘मला मिळालीच नाही’ असं म्हणू शकत नव्हतं.

खासगी कंपनी असं सांगू शकते? हा तर माझ्या शरीराचा प्रश्न आहे!

अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या अशा असतात की मालक कुठल्याही कारणानं काढू शकतो, फक्त ते कारण कायद्यानं निषिद्ध नसावं. लस न घेणं हे बहुतेक राज्यांत निषिद्ध कारणांत बसत नव्हतं. राज्यघटनेतले हक्क सरकारविरुद्ध असतात, कंपनीविरुद्ध नव्हे. त्यामुळे ‘घटनाबाह्य सक्ती’ हा मुद्दा खासगी मालकासमोर लंगडा पडतो. १९०५ चा जेकबसन खटला लोक दोन्ही बाजूंनी फेकतात, पण तो राज्य सरकारच्या अधिकाराबद्दल होता आणि देवीची लस न घेणाऱ्याला त्यात शिक्षा झाली ती ५ डॉलर दंडाची.

याची पहिली मोठी कसोटी ह्यूस्टन मेथडिस्ट या रुग्णालय समूहाबाबत लागली. तिथल्या ११७ कर्मचाऱ्यांनी दावा लावला. जून २०२१ मध्ये न्यायाधीश लिन ह्यूज यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की याला जबरदस्ती म्हणत नाहीत. अट पटत नसेल तर दुसरीकडे नोकरी करा. त्यानंतर १५३ जणांनी राजीनामे दिले किंवा त्यांना काढलं गेलं.

मग सूट कोणालाच नव्हती?

होती, आणि द्यावीच लागते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणानुसार कर्मचाऱ्याच्या प्रामाणिक धार्मिक श्रद्धेसाठी मालकानं वाजवी सोय करायची असते. आजार किंवा अपंगत्व असेल तर १९९० चा अपंगांसाठीचा कायदा तेच सांगतो. दोन्हींत मालकाला एक पळवाट आहे : सोय करणं फारच जड जात असेल तर नकार देता येतो.

‘मला लस पटत नाही’ हे कारण यात बसत नाही. राजकीय मतही नाही. श्रद्धा कुठल्या मोठ्या धर्माची अधिकृत शिकवण असायला हवी असं मात्र नाही. पोपनी लस घ्या म्हटलं तरी एखादा कॅथलिक माणूस स्वतःच्या सदसद्विवेकाचं कारण देऊ शकतो. गर्भपाताशी जोडलेल्या जुन्या पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) लशीच्या चाचणीत किंवा निर्मितीत वापरल्या गेल्या, हा आक्षेप सर्वाधिक वेळा पुढे आला.

युनायटेडमध्ये सूट मागितलेल्यांचं काय झालं?

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

सुमारे २,००० लोकांनी धार्मिक किंवा वैद्यकीय सूट मागितली. एकूण संख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीनं जाहीर केलं की ज्यांची धार्मिक सूट मंजूर होईल त्यांना २ ऑक्टोबरपासून बिनपगारी रजेवर पाठवलं जाईल. नीट वाचा. अर्ज नामंजूर झालेल्यांची ही गोष्ट नाही. अर्ज मंजूर झाला, कंपनीनं तुमची श्रद्धा मान्य केली, आणि तरी पगार बंद. परत कधी घेणार? साथ ओसरल्यावर. साथ ओसरली हे कोण ठरवणार? कंपनीच.

पुढे कंपनीनं थोडा फरक केला. ज्यांचा प्रवाशांशी संबंध येत नाही, उदाहरणार्थ विमान दुरुस्तीतले तंत्रज्ञ, त्यांना नियमित चाचणी आणि मास्क यांवर कामावर येता येईल असं ठरलं. वैमानिक आणि केबिन क्रू मात्र घरीच.

कंपनीची बाजू अशी होती की विमानाच्या केबिनमध्ये माणसं तासन्‌तास दाटीवाटीनं असतात, तिथे लस न घेतलेला कर्मचारी ठेवणं इतरांच्या जिवावर बेतू शकतं. या युक्तिवादात दम आहे. पण मग एक अडचण उभी राहते : प्रवाशांना लशीची अट नव्हती. देशांतर्गत विमानात शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला कोणी प्रमाणपत्र विचारत नव्हतं. दुसऱ्या कंपनीचा लस न घेतलेला वैमानिक युनायटेडच्या विमानाच्या कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसून प्रवास करू शकत होता, असाही मुद्दा कर्मचाऱ्यांच्या बाजूनं कोर्टात मांडला गेला.

माझं मत विचाराल तर अट योग्य होती, मुदतही योग्य होती. सूट मंजूर करून तीच शिक्षा बनवणं मात्र पटत नाही. सूट द्यायची नसेल तर तसं सांगावं आणि कोर्टात त्याची कारणं द्यावीत. ‘तुमचं म्हणणं मान्य आहे, आता उपाशी राहा’ हा मधला मार्ग मनुष्यबळ विभागाला सोयीचा असतो. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय अशी रजा अनिश्चित असली की माणूस दुसरी नोकरी धरायची की थांबायचं, हेही ठरवू शकत नाही. वैमानिकाची ज्येष्ठता कंपनीला बांधलेली असते. दुसरीकडे गेला की रांगेच्या शेवटी उभा राहतो. मार्ग, विमान, सुट्ट्या, पगार सगळं पुन्हा तळापासून.

शेवटी किती जणांची नोकरी गेली?

२८ सप्टेंबरला कंपनीनं सांगितलं की ५९३ जणांनी ना लस घेतली, ना सूट मागितली. त्यांना काढण्याची प्रक्रिया सुरू होईल. दोनच दिवसांत तो आकडा ३२० वर आला. पुढे २०० च्या आसपास लोक खरोखर गेले. ६७,००० मध्ये २००. ‘निम्मे कर्मचारी निघून जातील, विमानं जमिनीवर राहतील’ अशी भाकितं करणारे तेव्हा खूप होते.

कोर्टानं काय म्हटलं?

सहा कर्मचाऱ्यांनी २१ सप्टेंबर २०२१ रोजी टेक्सासमधल्या फोर्टवर्थ इथल्या संघराज्य न्यायालयात दावा केला. न्यायाधीश मार्क पिटमन यांनी ऑक्टोबरमध्ये काही काळापुरती स्थगिती दिली, पण ८ नोव्हेंबरला अंतरिम मनाई हुकूम नाकारला. कारण तांत्रिक होतं : बुडालेला पगार नंतर व्याजासह भरून देता येतो, त्यामुळे ‘भरून न येणारं नुकसान’ सिद्ध होत नाही. मात्र त्याच निकालात कंपनीच्या कोरड्या वागण्याबद्दल त्यांनी स्पष्ट नापसंती नोंदवली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये, टेक्सास ज्याच्या अखत्यारीत येतं त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल फिरवला. बहुमताचं म्हणणं असं की कर्मचाऱ्याला रोज श्रद्धा आणि पगार यांतलं एक निवडायला लावणं हा चालू असलेला दबाव आहे, आणि त्याचं मोल पैशात होत नाही. विरोधी मत देणारे न्यायाधीश जेरी स्मिथ इतके संतापले की त्यांचं मत बहुमताच्या निकालापेक्षा कितीतरी लांब झालं.

मार्चमध्ये रुग्णसंख्या उतरली आणि कंपनीनं रजेवरच्या लोकांना २८ मार्च २०२२ पासून परत बोलावलं. बुडालेल्या पगाराचा प्रश्न त्यानं मिटला नाही. २०२४ मध्ये न्यायाधीश पिटमन यांनी हा खटला काही कर्मचाऱ्यांपुरता सामूहिक दावा म्हणून चालवायला परवानगी दिली.

सक्तीचा उपयोग झाला का?

कर्बींनी जानेवारी २०२२ मध्ये, ओमिक्रॉनची लाट भरात असताना, कर्मचाऱ्यांना आकडे कळवले. त्या वेळी सुमारे ३,००० कर्मचारी पॉझिटिव्ह होते. न्यूअर्क विमानतळावर एका दिवशी जवळपास एक तृतीयांश कर्मचाऱ्यांनी आजारपणाची रजा टाकली होती. पण लस घेतलेल्यांपैकी त्या घडीला एकही जण रुग्णालयात नव्हता. सक्तीपूर्वी सरासरी आठवड्याला एकाहून जास्त कर्मचारी कोविडनं दगावत होते. पत्र लिहिलं तोवरच्या सलग आठ आठवड्यांत लस घेतलेल्यांमध्ये एकही मृत्यू नव्हता.

हे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, आणि ओमिक्रॉन मुळात सौम्य होता हेही खरं. तरी ज्या माणसानं मेलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पत्रं लिहिली त्यानं सक्तीचा निर्णय का घेतला असेल, हे समजायला आकडे पुरेसे आहेत. याच पत्रातून दुसरीही गोष्ट कळते. लस घेतलेल्यांनाही संसर्ग होत होता. म्हणजे ‘लस न घेतलेला सहकारी इतरांना धोका’ हा बिनपगारी रजेचा मुख्य आधार ओमिक्रॉननंतर बराच पातळ झाला होता, आणि रजा तरीही मार्चअखेरपर्यंत चालली.

इतर कंपन्यांनी काय केलं?

डेल्टा या विमान कंपनीनं वेगळी वाट धरली. लस न घेतलेल्या आणि कंपनीचा आरोग्य विमा असलेल्या कर्मचाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२१ पासून महिन्याला २०० डॉलर जादा, शिवाय दर आठवड्याला चाचणी. मुख्य कार्यकारी अधिकारी एड बास्टियन यांनी हिशेबच मांडला होता : कोविडसाठी एक कर्मचारी रुग्णालयात गेला की कंपनीला सरासरी ५०,००० डॉलर खर्च येतो. ऑक्टोबरपर्यंत लसीकरण ९० टक्क्यांच्या घरात गेलं. कोणाला घालवावं लागलं नाही. २०२२ च्या वसंतात तो भार काढून टाकला.

साउथवेस्ट या विमान कंपनीनं आधी युनायटेडसारखीच बिनपगारी रजा ठरवली होती, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये माघार घेतली. सूट मागणाऱ्यांना अर्जाचा निकाल लागेपर्यंत कामावर राहता येईल असं सांगितलं.

मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते टायसन फूड्सचं उदाहरण. हा मांस प्रक्रियेचा धंदा. सुमारे १,२०,००० कामगार, खांद्याला खांदा लावून मांस कापण्याचं काम, कित्येक भाषा बोलणारे स्थलांतरित लोक. साथीच्या पहिल्या वर्षी अशा कारखान्यांत कोविडनं थैमान घातलं होतं, आणि तेव्हा कंपनीवर कामगारांची हेळसांड केल्याचे गंभीर आरोप झाले होते. ३ ऑगस्ट २०२१ ला सक्ती जाहीर झाली तेव्हा निम्म्याहून कमी कामगारांनी लस घेतली होती. कंपनीनं यूएफसीडब्ल्यू या कामगार संघटनेशी बोलणी केली. संघटनेनं पाठिंबा दिला आणि बदल्यात कामगारांना २० तासांची पगारी आजारपणाची रजा मिळवली. लस घेणाऱ्या कारखाना कामगाराला २०० डॉलरही मिळाले. ऑक्टोबरअखेर लसीकरण ९६ टक्क्यांवर गेलं.

तासावर काम करणाऱ्या माणसाला लशीपेक्षा लशीनंतरच्या तापाची भीती जास्त असते. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं आणि खाडा पडला तर मजुरी कोण देणार? पगारी रजा हे अशा प्रश्नाचं उत्तर आहे. ऑफिसात बसून धोरणं लिहिणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही, संघटनेला सुचलं.

हा सगळा बायडन सरकारचा हुकूम होता ना?

नाही. युनायटेड आणि टायसन या दोघांनीही सरकारच्या आधीच ठरवलं होतं. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांसाठी लस किंवा साप्ताहिक चाचणी, हा नियम बायडननी ९ सप्टेंबरला जाहीर केला आणि १३ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो रोखला. त्याच दिवशी सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांसाठीचा नियम मात्र पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवला.

लशीचं प्रमाणपत्र मागणं म्हणजे खासगी वैद्यकीय माहिती मागणं नव्हे का?

मालक विचारू शकतो. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या ‘हिपा’ कायद्याचं नाव फार लोकांनी घेतलं, पण तो डॉक्टर, रुग्णालयं आणि विमा कंपन्यांना बांधतो. मालकानं कर्मचाऱ्याला थेट विचारण्यावर त्याची बंदी नाही. मिळालेली माहिती गुप्त आणि इतर सेवानोंदींपासून वेगळी ठेवणं मात्र मालकाला बंधनकारक आहे. ‘का नाही घेतली?’ असं खोदून विचारायला लागलं की अपंगत्वाच्या कायद्याची हद्द सुरू होते.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांचं काय झालं?

नियम सगळ्यांना सारखा, पण परिणाम सारखा नाही. अमेरिकी नागरिकाची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. एच-१बीवाल्याकडे त्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. न्यू जर्सीत घर घेतलेलं, मुलं शाळेत, आणि दोन महिन्यांत नवा मालक मिळाला नाही तर सामान बांधायचं. अशा माणसापुढे ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं.

दुसरी अडचण कोव्हॅक्सिनची. पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत फेब्रुवारी २०२१ मध्येच आली होती. कोव्हॅक्सिनला मात्र ३ नोव्हेंबर २०२१ उजाडावं लागलं. तोवर भारतात दोन्ही डोस घेऊन गेलेला माणूस अमेरिकेच्या हिशेबी लस न घेतलेलाच होता.

भारतात अशी सक्ती टिकली असती का?

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी म्हटलं की शारीरिक स्वायत्तता कलम २१ मध्ये येते, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकतं. रुग्णसंख्या कमी असताना लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणशीर नाहीत, तेव्हा खासगी संस्थांनीही आपले नियम तपासून पाहावेत, असं न्यायालयानं सुचवलं.

धार्मिक सूट मागायला अमेरिकेतल्यासारखा खासगी मालकाला बांधणारा कायदा आपल्याकडे नाही. आणि महाराष्ट्रात सक्ती कंपनीच्या दारापेक्षा जास्त जाणवली ती रेल्वे स्टेशनवर. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना प्रवेश हवा तर दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेले हवे होते. १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली १ मे रोजी, कोव्हिशील्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवड्यांचं अंतर. हिशेब करा : बदलापूरहून दादरला कामाला जाणाऱ्या तिशीतल्या माणसाला पहिल्या दहा दिवसांत स्लॉट मिळाला नसेल, तर किमान १२ आठवडे आणि वरचे १४ दिवस धरून १५ ऑगस्टला तो गाडीत चढू शकत नव्हता. मालकानं काही न म्हणताही त्याचा रोज बुडत होता.

आज अमेरिकेत एखाद्या कंपनीनं पुन्हा असं केलं तर?

करता येईल, पण सूट नाकारणं महागात पडेल. १९७७ च्या हार्डिसन खटल्यानंतर मालकाला ‘किरकोळ तोशिशीपेक्षा जास्त’ खर्च दाखवला की धार्मिक सोय नाकारता येत असे. योगायोगानं तोही खटला एका विमान कंपनीचाच, टीडब्ल्यूएचा. जून २०२३ मध्ये ग्रॉफ विरुद्ध डीजॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती पट्टी वर नेली. आता धंद्याला भरीव भार पडतो हे दाखवावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेट्रॉइटच्या एका ज्युरीनं ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ मिशिगन या आरोग्य विमा कंपनीनं लस न घेतल्यानं काढलेल्या एका महिला कर्मचाऱ्याला सुमारे १.२७ कोटी डॉलर देण्याचा कौल दिला. ती कर्मचारी साथीच्या काळात घरूनच काम करत होती.

काढून टाकलेल्यांना बेकारी भत्ता मिळाला का?

राज्यावर अवलंबून. अनेक राज्यांत नियम मोडल्यामुळे नोकरी गेली असं धरून भत्ता नाकारला गेला. आयोवा, फ्लोरिडा, कॅन्सस, टेनेसी अशा राज्यांनी २०२१ च्या अखेरीस कायदे बदलून लशीमुळे काढलेल्यांना तो देऊ केला. बिनपगारी रजेवरच्यांची गत त्याहून विचित्र : कागदोपत्री ते अजून नोकरीतच होते.